केसभर फट

हातमोजे वाटले तेव्हा धाकट्याच्या डाव्या मोज्यात दोन बोटं रिकामी राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बारा वर्षांपूर्वी याच कारखान्यात रंध्याच्या मशीनने नेली होती. नवं मशीन शिकवायला आलेल्या इंजिनिअरबाईने त्या दोन रिकाम्या नळ्या ओढून पाहिल्या, मग ओशाळून हसली आणि त्या दुमडून त्यांच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"चालेल काका," ती म्हणाली. "मशीनला समजतं."

"मला बारा वर्षं समजलं नाही ती कुठे गेली ते," धाकटा म्हणाला. "तुमच्या मशीनला कळलं तर मला निरोप द्या."

सगळे हसले. शेजारच्या बाकावर थोरलाही हसला, आणि आपल्या मोज्यांतली दहाही बोटं त्याने उगाच एकदा उघडून मिटून पाहिली. मोजा पातळ होता, त्यातून बारीक तारा गेलेल्या होत्या, आणि मनगटाशी नखाएवढा हिरवा दिवा होता. दिवा लागला की समजायचं, हात लिहून घेतला जातोय.

कारखाना खुर्च्यांचा. पत्र्याचा उंच शेड, वर धुळीने आंधळ्या झालेल्या खिडक्या, खाली अकरा बाकं आणि अकरा सुतार. थोरला आणि धाकटा सख्खे भाऊ. बाकं शेजारीशेजारी आणि घरंही एका भिंतीची. सकाळी निघायची वेळ झाली की धाकटा मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करायचा, थोरला इकडून एकदा करायचा, आणि दोघं एकाच वेळी आपापल्या दारातून बाहेर पडायचे. थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणत. धाकट्याला कुणी काही म्हणायच्या आत तोच काहीतरी बोलायचा.

मालकाने त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला. मालकाने स्वतःहून चहा दिला की माणसाने सावध व्हावं, पण चहा गरम होता. "सहा आठवडे हे घालून काम करायचं," तो म्हणाला. "वर कॅमेरे आहेत ते बघतील. मशीन फक्त शिकणार आहे. कुणाच्याही पोटावर पाय येणार नाही, हा माझा शब्द."

दुपारच्या सुट्टीत अकरा जण शेडच्या मागच्या नळाशी जमले. मोजे आत खुंटीला होते. बोलायला सुरुवात केली वकिलाने. हा काही खरा वकील नव्हता, खुर्चीच्या पाठी तासायचा. पण वाद घालण्यात त्याची हयात गेली होती आणि निम्मे वाद त्याने जिंकलेही होते.

"शिकणार म्हणजे काय?" वकील म्हणाला. "आपण शिकलो तेव्हा काय झालं? उस्तादाला घरी बसवलं आणि त्याच्या बाकावर आपण बसलो. तेच होणार. मग शिकवायचंच तर वाकडं शिकवू."

"म्हणजे?"

"प्रत्येक सांध्यात केसभर फट."

ऐकणारे सगळे सुतार, त्यामुळे पुढचं सांगावं लागलं नाही. जो सुतार नाही त्याला सांगतो. खुर्चीचा जीव सांध्यात असतो. पायात खाच कोरायची, आडव्या पट्टीचं टोक तासून त्याचं कुसू करायचं आणि ते कुसू खाचेत बसवायचं. कुसू जाड राहिलं तर पाय फुटतो, बारीक झालं तर खुर्ची वर्षाच्या आत नाचू लागते. मोगरीचे, म्हणजे लाकडी हातोडीचे, दोन हलके ठोके पडले की आत जावं, आणि गेल्यावर कागदालाही मध्ये जागा मिळू नये. हे मोजपट्टीने मोजता येत नाही, हाताला कळतं. त्यात केसभर फट ठेवली तर चिकट सरसाने ती भरून निघते, डोळ्यांना दिसत नाही, आणि वर्षभराने बसणाऱ्याच्या बुडाला कळते.

"मशीन तेच शिकेल," वकील म्हणाला. "माल परत यायला लागेल. मग मालक ते भंगारात घालेल आणि आपल्याला हुडकत येईल."

एकेकाने मान डोलावली. धाकटा म्हणाला, "मला आठच बोटं आहेत, माझी फट आपोआप मोठी पडेल," आणि पुन्हा हशा झाला. मग सगळे थोरल्याकडे बघू लागले.

"मिस्त्री, तुम्हाला जमेल ना?" वकिलाने विचारलं.

थोरल्याला राग आला. "वाईट काम करायला काय अक्कल लागते?"

"लागते. तुम्हाला तरी लागेल."

"दिला शब्द," थोरला म्हणाला, आणि नळाखाली हात धुऊन आत गेला.

पहिले आठ दिवस त्याने शब्द पाळला. पटाशी एकदा जास्त फिरवायची, एवढंच तर काम. पण दर वेळी ते जास्तीचं टरफल निघालं की तो ते पायाखाली सरकवायचा. कुसू खाचेत जाताना काही आवाजच करायचं नाही. नुसतं जायचं, घरात चोर शिरावा तसं. दिवसभरात चार खुर्च्या व्हायच्या, आणि पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं त्याचं मन त्या सोळा-सोळा सांध्यांकडे जायचं. कुणीतरी यावर बसणार. जाडजूड माणूस असेल, म्हातारी असेल, लेकराला मांडीवर घेऊन बसलेली बाई असेल.

"डबा तसाच परत आणलात," बायको म्हणाली.

"भूक नव्हती."

"चाळीस वर्षांत नव्हती कधी? बरं वाटत नाही का?"

"काम वाईट होतंय," तो म्हणाला. तिला वाटलं, डोळे गेले. तिने चष्म्याच्या दुकानाचा विषय काढला आणि तो उठून बाहेर गेला.

नवव्या दिवशी इंजिनिअरबाई त्याच्या बाकाशी आली. पोरगी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. तिला वाईट म्हटलं असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. तिच्या हातात पाटीसारखा पडदा होता आणि पडद्यावर अकरा रंगांच्या रेघा हलत होत्या.

"काका, हा बघा तुमचा हात," ती म्हणाली. "हे बाकीच्यांचे. गंमत आहे. मालक म्हणाले होते, मिस्त्रींचा हात वेगळा आहे, बघशीलच. पण मला तर सगळे सारखेच दिसतायत."

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. थोरल्याने त्या रेघांकडे पाहिलं. निळी रेघ त्याची, शेजारची पिवळी वकिलाची. वकिलाची! ज्या माणसाने आयुष्यात एक पट्टी सरळ तासली नव्हती, त्याच्या शेजारी आपण, आणि दोन्ही रेघा जुळ्या भावंडांसारख्या.

"असतील सारख्या," तो म्हणाला.

ती गेली. त्याने पुढची पट्टी बाकाच्या चिमट्यात धरली. एकच खुर्ची, तो मनाशी म्हणाला. अकरा जणांत एकाची एक खुर्ची बरी झाली तर कुणाचं काय बिघडतं? पटाशी त्याने दगडावर चार वेळा ओढली, अंगठ्याने धार पाहिली आणि कुसू तासायला घेतलं. नऊ दिवस कोंडलेलं जनावर सुटावं तसा त्याचा हात सुटला. कुसू खाचेच्या तोंडाशी आलं, त्याने मनगट उजवीकडे किंचित वळवलं, ही त्याची सवय, आणि मोगरीचे दोन ठोके दिले. कुसू आत गेलं आणि तळाशी टेकताना आवाज आला. ठप्प. आतली हवा बाहेर पडल्याचा, जाड पुस्तक मिटल्यासारखा. सांधा नेमका बसला की तो आवाज येतो, आणि ज्याने तो एकदा ऐकला तो गर्दीतही ओळखतो. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मनगटावरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

संध्याकाळी दोघं भाऊ घरी निघाले. निम्मी वाट धाकटा काही बोलला नाही. हे त्याच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "तुझा आवाज येतोय."

"कसला?"

"सांध्याचा. आज तीनदा आला."

"चुकून झालं असेल."

"तीनदा?"

थोरला चप्पल घासत चालत राहिला. धाकट्याला आपला भाऊ पुरता माहीत होता. लहानपणी बापाने दोघांना एकाच बाकावर शिकवलं होतं. वाकडा सांधा दिसला की बाप मारायचा नाही, नुसता तो उघडून समोर ठेवायचा, आणि थोरला त्या दिवशी जेवायचा नाही. धाकटा मात्र जेवायचा, थोरल्याच्या वाटचंही.

"उद्यापासून नाही होणार," थोरला म्हणाला.

"होणार," धाकटा म्हणाला. "जित्याची खोड. जाऊ दे, मी खोकत जाईन."

आणि तो खरंच खोकू लागला. थोरल्याच्या मोगरीचा दुसरा ठोका पडला की शेजारच्या बाकावरून खोकल्याची उबळ यायची, इतकी मोठी की पलीकडच्या बाकावरचे लोक म्हणायचे, अरे भुशाने मरशील, डॉक्टरला दाखव. धाकटा हात हलवून म्हणायचा, जुना आहे, माझ्याबरोबरच जाईल. दिवसाला चार खुर्च्या, चौसष्ट सांधे. साडेचार आठवडे तो खोकला. रात्री म्हणे त्याचा घसा खरंच बसलेला असायचा, आणि त्याची बायको पाणी गरम करून द्यायची. स्वतःच्या खुर्च्यांत मात्र धाकट्याने इमानाने फट ठेवली. दहा जणांत सगळ्यात मोठी त्याचीच होती.

सहा आठवडे संपले तेव्हा मालकाने पुन्हा सगळ्यांना बोलावलं. या वेळी चहा नव्हता. भिंतीवर मोठा पडदा लावला होता आणि इंजिनिअरबाई त्याच्या बाजूला खाली मान घालून उभी होती.

वकिलाचा हिशेब एका ठिकाणी चुकला होता. त्याला वाटलं होतं, मशीन अकरा जणांचं काम एकत्र कालवून घेईल आणि त्यात सगळ्यांचीच फट उतरेल. पण त्या सहा आठवड्यांत झालेली प्रत्येक खुर्ची त्यांनी दुसऱ्या शेडमध्ये नेऊन एका यंत्राखाली ठेवली होती. ते यंत्र खुर्चीवर बसायचं, उठायचं, बसायचं, उठायचं. दहा वर्षांचं बसणं ते दोन दिवसांत उरकायचं. ज्या खुर्च्या हलल्या त्या बनवणारे हात मशीनने टाकून दिले. ज्या हलल्या नाहीत त्यांचे हात धरले.

पडद्यावर अकरा ओळी होत्या. दहा लाल, आणि एक, पहिले आठ दिवस सोडले तर, हिरवी.

"मी तुम्हाला कसबी माणसं समजत होतो," मालक म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता, आणि ते ऐकायला फार वाईट होतं. "इतकी वर्षं हा असला माल बाहेर जात होता? प्रत्येक सांध्यात फट? मी कुणाला काढणार नव्हतो. पण हे बघितल्यावर मी काय करू?"

आता खरं सांगायची सोय नव्हती. आम्ही मुद्दाम केलं म्हणावं तर चोर ठरतो, नाही म्हणावं तर अडाणी. वकिलाने सगळ्यात आधी आपली पिशवी उघडली. लोक आपापली हत्यारं पिशवीत भरू लागले. रंधे, पटाश्या, गुण्ये. चाळीस वर्षांचा संसार दहा मिनिटांत पिशवीत मावला.

दारातून जाताना वकील थोरल्यासमोर थांबला. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," तो हळूच म्हणाला, आणि निघून गेला. म्हण जुनी आहे, शाळेतल्या पोरालाही पाठ असते. थोरल्याला ती त्या दिवशी कळली.

धाकटा आपल्या बाकापाशी उभा होता. त्याने हत्यारं भरली नव्हती. नऊ जणांना कुठे ना कुठे काहीतरी मिळालं असतं; निदान उचल-ठेवीचं, राखणीचं. पण आठ बोटांचा, पन्नाशी ओलांडलेला सुतार नव्या दारात उभा राहिला तर माणसं आधी हाताकडे बघतात आणि मग दाराकडे. थोरला मालकाच्या काचेच्या केबिनमध्ये गेला.

"माझ्या भावाला ठेवा," तो म्हणाला. "नाहीतर मीही जातो."

"मिस्त्री," मालक थकून म्हणाला, "तुम्ही गेलात तरी तुमचा हात आता इथेच आहे ना." मग त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली असावी. "बरं. तुमच्याकडे बघून एक करतो. तुम्ही तपासनीस. मशीनची प्रत्येक खुर्ची तुमच्या हाताखालून जाईल. तुम्ही लाल खडू मारलात तर ती दुरुस्तीला. दुरुस्तीचं बाक तुमच्या भावाला. पण तीस दिवस बघेन. दुरुस्तीला काही आलंच नाही तर बाक उचलावं लागेल. तेव्हा मला बोल लावू नका."

धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुझ्या खडूवर माझी चूल." दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर टकटक झाली नाही. थोरल्याने इकडून एकदा करून पाहिली. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मशीन आलं. दोन लांब पांढरे हात, त्यांच्या टोकाला पाती आणि चिमटे, आणि कुठेही डोकं नाही. दहा बाकं काढून टाकल्यावर शेड इतका मोठा दिसू लागला की बोललेलं परत ऐकू यायचं. बोलायला मात्र कुणी नव्हतं. एका टोकाला थोरला, खडू घेऊन स्टुलावर. दुसऱ्या टोकाला धाकटा, बाकाशी. मध्ये सरकता पट्टा, आणि दोघांच्या डोक्यावर एकेक कॅमेरा.

पहिली खुर्ची थोरल्यासमोर आली तेव्हा त्याने ती उलटी केली, सांध्यावर अंगठा फिरवला आणि पुन्हा एकदा फिरवला. सांधा त्याचा होता. नुसता चांगला नव्हे, त्याचा. कुसू आत घालताना मनगट उजवीकडे वळवायची त्याची जी सवय, तिची लाकडावर एक पुसटशी घासण उमटते. ती तिथे होती. वर मशीनचा पांढरा हात पुढचं कुसू खाचेशी आणत होता. टोकाशी येऊन तो किंचित उजवीकडे वळला. ठप्प.

दिवसाला नव्वद खुर्च्या यायच्या, आणि दर खुर्चीत तो आवाज सोळा वेळा. पूर्वी त्याला तो आवाज दिवसभर पुरायचा. आता जेवताना घास गिळला तरी आत ठप्प व्हायचं.

तो चूक शोधू लागला. चुकीसाठी कुणी इतकी आराधना केली नसेल. भिंग आणलं, कागदाचे कपटे आणले, कान लावून पाहिला. लाकडात गाठ असली तर मशीन गाठ चुकवत होतं, कारण तो चुकवायचा. लाकूड ओलसर असलं तर ते कुसू किंचित जाड ठेवत होतं, कारण तोही ठेवायचा. स्वतःच्या हाताला त्याने चाळीस वर्षांत जे जे शिकवलं होतं ते ते आता त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

दुरुस्तीचं बाक रिकामं राहिलं. धाकटा सकाळी यायचा, पटाशीला धार लावायचा, दुपारी पुन्हा लावायचा. धारदार पटाशीला धार लावून लावून तिचं पातं बोटभर झिजलं. मग तो हात मांडीवर ठेवून बसायचा, तीन बोटांचा वर, पाच बोटांचा खाली. घरी थोरल्याची बायको जावेकडे डाळ मागायचं निमित्त करून जाऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी दिवस मोजतायत भिंतीवर. पेन्सिलीने. कालचा बाविसावा."

सव्विसाव्या दिवशी थोरल्याने लाल खडू उचलला.

खुर्ची निर्दोष होती. त्याने ती नेहमीसारखी तपासली, म्हणजे खोटं बोलताना निदान कशाबद्दल बोलतोय ते माहीत असावं. मग मागच्या डाव्या सांध्यावर लाल फुली मारली आणि वहीत लिहिलं, सांधा सैल. अक्षर इतकं वाकडं आलं की त्यालाच ते ओळखू येईना. खुर्ची पट्ट्यावरून धाकट्याकडे गेली.

आता काम सोपं होतं. धाकट्याने फक्त तो सांधा उघडायचा, सरस लावायचा, परत बसवायचा. वरच्या कॅमेऱ्याला दुरुस्ती दिसली की झालं. बाक महिनाभर वाचलं. मग पुढचा महिना, पुढची फुली. थोरल्याला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून होतंय.

धाकट्याने खुर्ची उलटी केली. अंगठा फिरवला. बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला. मग त्याने मान वर करून शेडच्या या टोकाकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा त्याने भावाकडे पाहिलं होतं. त्याने मोगरी उचलली, सांध्याजवळ नेली, तशीच धरून ठेवली. मग खाली ठेवली. शर्टाच्या बाहीने लाल फुली पुसली, खुर्चीला बांधलेल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि खुर्ची परत पट्ट्यावर सोडली.

चिठ्ठीवर होतं, दोष नाही.

थोरल्याने दुसऱ्या खुर्चीवर फुली मारली. ती परत आली. तिसरी परत आली. तेव्हा तो तिसरी खुर्ची खांद्यावर टाकून, सरकता पट्टा ओलांडून, तरातरा भावाच्या बाकाशी गेला.

"काय चालवलंयस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "उघड ना तो सांधा. चारच दिवस राहिलेत."

"सांधा चांगला आहे."

"मला माहितीये चांगला आहे! उघड आणि परत बसव. एवढंच करायचंय."

"सरस धरलाय. उघडायला गेलो तर कुसू मोडेल."

"मोडू दे."

"दादा," धाकटा म्हणाला, "मी खूप राग केला तुझा. रोज सकाळी भिंतीपाशी उभा राहून करायचो. म्हणायचो, एवढं काय होतं, एक पटाशी जास्त फिरवायची होती. आणि आज हे समोर आलं. बाबांनी शिकवलेला सांधा आहे हा. हात उचलत नाही रे. मला वाटलं होतं ही खोड तुला एकट्यालाच आहे."

"वेडा आहेस का? घरी काय खाशील?"

"तू मोड," धाकटा म्हणाला आणि मोगरी त्याच्यापुढे धरली. "तुझा आहे."

थोरल्याने मोगरी घेतली. त्याने भावाचा तीन बोटांचा हात पाहिला, बाहीवरचा लाल डाग पाहिला. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा नीट वाईट काम करायची वेळ आली होती, आणि या वेळी तरी त्याला मागे सरायचं नव्हतं. त्याने खुर्ची बाकाला टेकवली आणि सांध्यावर मोगरी घातली.

सांधा हलला नाही.

त्याने पुन्हा मारली, खांद्यातून, सगळा जोर लावून. मग पुन्हा. पाय सांध्याच्या चार बोटं खाली उभा चिरला, पट्टीला भेग गेली, पण कुसू खाचेतून तसूभर सुटलं नाही. केसाएवढी फट पडली नाही. तो मारत राहिला, शेड प्रत्येक ठोका परत ऐकवत राहिला, आणि मशीनचे पांढरे हात पलीकडे आपलं काम करत राहिले. वर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता. चांगली खुर्ची तपासनिसाने स्वतः मोडली, हे एव्हाना लिहून झालं असणार.

केबिनचं काचेचं दार उघडलं. इंजिनिअरबाई पडदा छातीशी धरून त्यांच्याकडे चालत येऊ लागली, आणि तिच्यामागून मालक.

तेवढ्यात धाकटा खोकायला लागला. मोठ्याने, उबळीवर उबळ, बाकाला धरून, तीन बोटांचा हात तोंडावर घेऊन. भावाच्या मोगरीचा ठोका पडेल तेव्हा नेमका. ती दोघं बाकापाशी येऊन उभी राहिली तरी तो खोकतच होता.